पाऊस तारीख पाळत नाही: गावाची साथरोगांची तयारी खुणांवर कशी बसवावी

२५ मे २०२५ ला मान्सून सिंधुदुर्गात पोचला, तेव्हा आमच्या गावाची पावसाळी तयारी कागदावरच होती. विहिरींत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकायचं ३० मेला, गटारं उपसायची १ जूनला, आशाताईंची वाडीवार फेरी ५ जूनला. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो या हिशेबाने तारखा घालायची आम्हाला सवय. टीसीएलचं पोतं पंचायतीत उतरण्याआधीच ओहोळ दुथडी वाहू लागला आणि खालच्या वाडीची विहीर गढूळ झाली. चूक कुणा एकाची नव्हती. आमचं वेळापत्रकच जुन्या पावसाचं होतं.

त्यानंतर आरोग्य समितीत बसून आम्ही तारखा खोडल्या आणि प्रत्येक कामापुढे एकेक खूण लिहिली. अमुक दिसलं की तमुक करायचं. त्या कामातून जे हाती लागलं ते इथे पायऱ्यांनी मांडते आहे. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा पलीकडे गोव्यातल्या सत्तरीसारखा जंगलालगतचा मुलूख डोळ्यासमोर आहे, म्हणून माकडताप (गोचिडीतून होणारा क्यासनूर ताप), लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू आणि दूषित पाणी एवढ्यावरच भर दिला आहे. तुमच्याकडचे आजार वेगळे असतील, तर रीत तीच ठेवून आजार बदला.

पायरी १: गावाचा नकाशा काढा, पण घरांचा नव्हे, धोक्याचा

हे काम दोन रविवारी होतं. शाळेच्या पडवीत मोठा कागद पसरायचा. बचत गटाच्या बायका, एखादा गुराखी, पाणी सोडणारा जलसुरक्षक, आशाताई आणि पोलीस पाटील एवढी माणसं हवीत. सरपंच नसले तरी चालेल, गुराखी मात्र हवाच. जंगलाची कड कुठे आहे, माकडांचे कळप कुठून उतरतात, गुरं कुठल्या पाणंदीने जातात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

नकाशावर विहिरी, झरे, गोठे, पावसात पाण्याखाली जाणारे रस्ते व साकव (ओहोळावरचे छोटे पूल), भाताचे मळे, काजूच्या आणि रबराच्या बागा, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी साठवणारी घरं दाखवा. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात वरच्या वाड्यांवर बॅरलच्या रांगा लागतात. ही टंचाईच डेंग्यूच्या डासाचं घर आहे, हे नकाशावर बघितल्याशिवाय पटत नाही.

मग घरोघर चार गोष्टी विचारा. घरातलं कोण कुठल्या कामाला जातं? पाणी कुठून येतं आणि कशात साठवतात? रात्री आजारी माणूस गाडीरस्त्यापर्यंत न्यायला किती वेळ लागतो? घरात गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, साठीच्या वरचं माणूस, किंवा मधुमेह वा मूत्रपिंडाचा रुग्ण आहे का? ज्या घरात दोन किंवा जास्त उत्तरं काळजीची येतील, त्यावर लाल टिकली लावा. लाल टिकलीच्या घरापासूनच प्रत्येक कामाची सुरुवात करायची, हा पहिल्या बैठकीतच ठराव करा. एरवी औषध, फवारणी, माहितीपत्रक सगळं पंचायतीच्या आसपासच्या घरांपाशी संपतं आणि धनगरवाड्यावर पोचतच नाही.

यादीतून सुटणारी माणसंही मुद्दाम शोधा. आंबा-काजूच्या बागांत राखणीला राहणारी नेपाळी कुटुंबं, चिरेखाणीवरचे परप्रांतीय कामगार, रबराचा चीक काढणारे मजूर. त्यांची नावं मतदारयादीत नसतात, रेशनकार्डावर नसतात, म्हणून सर्वेक्षणातही येत नाहीत. पण जंगलाच्या कडेला दिवसरात्र राहणारी तीच आहेत. आमच्या पहिल्या नकाशावर एका बागेतली खोप दाखवायची राहिली होती. आशाताईंच्या लक्षात आलं तेव्हा कळलं, तिथे दोन लहान मुलं आहेत आणि त्यांच्या लसीकरणाची नोंद कुठेच नाही.

पायरी २: तापाची वही

शंभर पानी साधी वही. रकाने पाचच: तारीख, वाडी, वय, ताप कधीपासून, आणि गेल्या पंधरा दिवसांत कुठलं काम केलं. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. ‘काजू वेचायला’, ‘लावणीला’, ‘गोठा साफ’, ‘घरीच’ एवढं लिहिलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

वही आशाताईंकडे राहते, पण नोंद त्यांच्याच जिवावर सोडू नका. किराणा दुकानदाराकडे तापाच्या गोळ्या घ्यायला कोण येतं, शाळेत कोण चार दिवस गैरहजर आहे, कामाला कोण आलं नाही, हे दुकानदार, शिक्षक आणि मुकादम यांनी शुक्रवारी फोनवर सांगायचं. एका वाडीत आठवड्याभरात तीन घरांत ताप दिसला, तर त्याच दिवशी उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकाला कळवा. पुढच्या सोमवारची वाट पाहू नका. खूण पटली का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा एखादा खोटा इशारा गेला तरी चालेल. समितीतल्या कुणी त्यावरून आशाताईंना टोचून बोलू नये, नाहीतर पुढच्या वेळी खरी खबरही येणार नाही.

पायरी ३: माकडताप, म्हणजे काजूच्या मोसमातलं काम

या आजाराची गोष्ट बदललेल्या जंगलाची गोष्ट आहे, म्हणून इथे थोडी थांबते. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि मागोमाग माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा हा विषाणू सापडला. कित्येक वर्षं तो त्याच टापूत होता. मग पश्चिम घाटाच्या कडेकडेने सरकत २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये आमच्या दोडामार्ग तालुक्यात आला. जंगल तोडून, तुकडे पाडून बागा झाल्या, माणसं आणि गुरं जंगलाच्या कडेला रोज वावरू लागली. गोचीड, माकड आणि माणूस एकाच पाचोळ्यावर आले.

माणसाला तो देते गोचिडीची पिल्लावस्था. मोहरीच्या दाण्यापेक्षाही ती बारीक. कुणाला खरं वाटत नसेल तर पांढऱ्या फ्लॅनेलचा हातभर कपडा काठीला बांधून बागेतल्या पाचोळ्यावरून सावकाश ओढा, लांब बाह्यांचा सदरा आणि बूट घालून. कपडा उलटा करून उन्हात धरला की बारीक तपकिरी ठिपके चालताना दिसतात. आमच्या बैठकीत तासभर बोलून जे झालं नाही, ते या कपड्याने पाच मिनिटांत झालं. कपडा नंतर उकळत्या पाण्यात टाका.

आता काजूचं काम कसं चालतं ते बघा. जानेवारी ते मे बिया खाली पडतात. बायका पहाटे जाऊन वाकून, पाचोळ्यात हात घालून वेचतात, थकल्या की तिथेच बसून बोंडूपासून (काजूच्या फळापासून) बी वेगळी करतात. माकडांनाही बोंडू प्रिय. म्हणजे धोक्याचा मोसम आणि घरात पैसा येण्याचा मोसम एकच. ‘जंगलात जाऊ नका’ असं सांगून काही होणार नाही. काम सुरक्षित कसं होईल तेच सांगायचं:

- अंगभर फिक्या रंगाचे कपडे घाला, पायजमा मोज्यात खोचा. साडीवाल्यांनी आतून लेगिंग घालावी. फिक्या कपड्यावर गोचीड दिसते.
- आरोग्य खात्याकडून मिळणारं डीएमपी तेल (गोचीड लांब ठेवणारं) हातापायांना आणि मानेला लावा, डोळ्यांजवळ नको. घामाने ते उतरतं, म्हणून मधल्या सुट्टीत पुन्हा लावा.
- बसायचं तर झाडलेल्या खळ्यावर किंवा कातळावर. पाचोळ्यावर टेकू नका.
- घरी आल्यावर कपडे बाहेरच काढून गरम पाण्यात साबण घालून भिजवा. लगेच अंघोळ करा. काखा, जांघा, कमरेचा नाडीपट्टा, गुडघ्यामागची खळगी, कानामागे बघा. पाठ दुसऱ्याने बघायची.
- गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांत चिरडू नका, रॉकेल ओतू नका.

पातेरा, म्हणजे झाडांखालचा सुका पाला, हा आमच्याकडचा अवघड प्रश्न. गोठ्यात अंथरायला, भाजावळीला (पेरणीआधी जमीन भाजायला) पातेरा गोळा करून आणायची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. त्याच्यासोबत गोचीडही दारात येते. माकडतापाची खबर असलेल्या भागात जानेवारीनंतर जंगलकडचा पातेरा घरी आणू नये, पावसाळा संपताच परसातलं गवत आणि भाताचा पेंढा राखून ठेवावा. जनावरांपासून हा विषाणू माणसाला थेट होत नाही, पण गोचिडी पोसायचं काम तीच करतात. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून गावातल्या सगळ्या गुरांना एकाच आठवड्यात गोचिडीचं औषध द्यायचं. एका गोठ्याने दिलं आणि शेजारच्याने नाही, तर फायदा नाही.

खूण: मेलेलं माकड. एक जरी दिसलं तरी. त्याला हात लावू नका, पुरू नका, काठीनेही हलवू नका. माकड थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात, ती जागा काही दिवस सर्वांत धोक्याची. लांबून जागेची खूण करा, वनरक्षकाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा. विल्हेवाट आणि पावडर मारण्याचं काम त्यांचं. समितीचं काम म्हणजे त्या बागेतली वेचणी थांबवणं आणि तिथे गेल्या दोन आठवड्यांत गेलेल्या प्रत्येकाचं नाव वहीत घेणं. वेचणी थांबली तर त्या बाईची मजुरी बुडते, म्हणून बागायतदाराने तिला दुसऱ्या बागेत काम द्यावं, हे मोसमाआधीच बोलून ठेवा. नाहीतर माकड मेल्याची बातमी दाबली जाते.

आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, हे वाडीवाडीत सांगा. रुग्णाच्या घराशी येणंजाणं तोडायची काहीच गरज नाही.

पायरी ४: लावणीपासून कापणीपर्यंत लेप्टो

उंदीर, घुशी, गुरं यांच्या मुतातून जंतू चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून, पाण्याने पांढऱ्या पडलेल्या मऊ कातडीतून अंगात शिरतात. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या नाहीत असा पाय सापडणं कठीण, आणि त्याच जंतूंच्या वाटा.

‘गमबूट घाला’ असं पत्रकात छापलेलं असतं. ज्यांनी छापलं त्यांनी गुडघाभर चिखलात बूट घालून एक वाफा लावून बघावा. बूट रुततो, पाय बाहेर येतो. बूट गोठा साफ करताना, बांध घालताना, गटार उपसताना घाला, तिथे ते खरंच उपयोगी पडतात. लावणीला मात्र सकाळी निघताना भेगा आणि जखमा पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका. दुपारी आणि संध्याकाळी स्वच्छ पाण्याने साबण लावून पाय धुवा, बेचक्या कोरड्या पुसा. खोल जखम असलेल्याने त्या आठवड्यात चिखलात उतरू नये, त्याच्या वाट्याचं काम पैऱ्यातल्या (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणाऱ्यांतल्या) दुसऱ्या माणसाने करावं. पैऱ्याची पद्धत आपल्याकडे आहेच, तिचा हाही उपयोग होतो.

उंदरांचा बंदोबस्त सामुदायिक करा. एका शेतात विषारी आमिष ठेवलं की उंदीर शेजारच्या बांधात जातात. कृषी सहायकांना विचारून पेरणीआधी एकच दिवस ठरवा, सगळी बिळं त्याच दिवशी. गोठ्याचं मूत्र पाणंदीत न सोडता शोषखड्ड्यात सोडा.

डॉक्सिसायक्लिनची गोळी प्रतिबंधासाठी देतात, मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. ती आरोग्य केंद्राने ठरवलेल्या लोकांना, ठरवलेल्या आठवड्यांपुरतीच. मेडिकलमधून स्वतः आणून खाऊ नका. गरोदर बायांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची.

खूण: पूर. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण वाढले होते. पुराचं पाणी घरात किंवा वाटेवर आलं की त्या दिवसापासून महिनाभर त्या वाडीतला प्रत्येक ताप ‘लेप्टो असू शकतो’ असं धरूनच बघायचा.

पायरी ५: डेंग्यू आणि पिण्याचं पाणी

डेंग्यूचं थोडक्यात, कारण इथे माहिती सगळ्यांना आहे, करायचं राहून जातं. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात आणि उष्मा वाढला की हा काळ आणखी आखडतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा, शक्यतो बाजाराच्या आदल्या दिवशी. बॅरल नुसता उपडा करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात. काथ्याने भिंत घासून काढा, मग उन्हात वाळवा. पाणी टंचाईचं असेल तर ओतून देऊ नका, फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या. आमच्या भागात टायरांइतकंच लक्ष करवंट्या, पोफळीच्या विऱ्या (गळलेल्या झावळ्यांचे पन्हळीसारखे देठ) आणि रबराच्या झाडाला बांधलेल्या वाट्यांवर हवं. चीक काढणं थांबलं की वाट्या उपड्या करायची जबाबदारी बागवाल्याची.

खूण: वळवाचा पहिला पाऊस, किंवा पावसात आठवडाभराची उघडीप. जूनची वाट नको.

पाण्यासाठी हिशेब शिका. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले ७८५, म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर. ३३ टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साधारण ७० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत खोल सोडून हलवा. तासाभराने ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते द्रावणाचे थेंब टाकून बघा. पिवळा रंग आला नाही तर मात्रा कमी पडली, पुन्हा टाका. हे संध्याकाळी करा, रात्री पाणी उपसत नाहीत. पोतं उघडं राहिलं की पावडरचा जोर जातो, म्हणून ती झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, कोरड्या जागी ठेवा. आणि पुढच्या मोसमासाठी जुनी पावडर साठवू नका.

खूण: विहिरीच्या पाण्याचा रंग बदलला की त्याच संध्याकाळी.

पायरी ६: ताप आल्यावर

तिन्ही आजारांची सुरुवात सारखीच: एकाएकी जोराचा ताप, डोकं आणि अंग मोडून येणं. घरी फक्त पॅरासिटामॉल, पाणी, पेज. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन नको, रक्तस्राव वाढतो. ‘एक सुई मारा’ असा आग्रह आपणच धरतो, तो सोडायला हवा.

डॉक्टरांपुढे तापाबरोबर काम सांगा: ‘सहा दिवसांपूर्वी काजूत होतो’, ‘पंधरा दिवस लावणी केली’. त्यावरून कुठली तपासणी करायची ते ठरतं. माकडतापाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठरावीक प्रयोगशाळेतच तपासतात, तो पाठवायला हवा हे वेळेत सुचलं पाहिजे. पोटऱ्या दाबल्यावर असह्य दुखणं, डोळे लाल, लघवी कमी, पिवळेपणा असेल तर लेप्टोचा संशय घ्या. हिरड्या-नाकातून रक्त, सतत उलट्या, पोटात जोराची कळ, गुंगी, हातपाय गार पडणं यांपैकी काहीही दिसलं की १०८ ला फोन, रात्र असली तरी. डेंग्यूत ताप उतरतो त्याच दिवसांत धोका वाढतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ असं ऐकून रुग्णावरची नजर हटवू नका. माकडतापात बरं वाटून एक-दोन आठवड्यांनी काहींना पुन्हा ताप आणि चक्कर येते, त्याचीही नोंद वहीत चालू ठेवा.

पायरी ७: ठराव, पैसा आणि तुटलेला रस्ता

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी असतो. डबे, काथ्या, ओटीचं द्रावण, टॉर्च, पट्ट्या, गमबुटांचे दहा जोड यात बसतात. त्यापुढचं काम ग्रामसभेच्या ठरावाने करायचं, आणि ग्रामसभांच्या तारखा मोसमाशी जुळवून बघा. माकडतापाचा विषय २६ जानेवारीला घेतला तर उशीर झाला, तेव्हा काजू सुरू झालेला असतो. तो २ ऑक्टोबरच्या सभेत घ्या. पाणी, डेंग्यू, लेप्टो १ मेच्या सभेत, आणि टीसीएल त्या दिवशी पंचायतीत पोचलेलं असावं. १५ ऑगस्टला फक्त वही वाचायची: कुठल्या वाडीत किती ताप, कुठे मदत उशिरा पोचली.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकणाला घासून गेलं. विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर बंद होते. असा दिवस पुन्हा येईल असं धरून एका संध्याकाळी तालीम करा. साकव पाण्याखाली, फोन बंद, धनगरवाड्यावर तापाची गरोदर बाई. डोली कोण उचलणार, चार नावं आणि दोन राखीव. कुठल्या वाटेने, गाडी कुठे उभी राहणार, चालक कोण. आमच्या तालमीत डोलीचा बांबू सापडायलाच वीस मिनिटं गेली. आता तो शाळेच्या पडवीत दोन खुंट्यांवर टांगलेला आहे, दोरीसकट, आणि त्याच्याच खाली भिंतीला नकाशा.